सापडलेली रिळे, रचलेले दप्तर: ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’च्या यशाचा इतिहास

१/
ऑक्टोबर १९९४. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील बर्किट्सव्हिल गावाजवळच्या जंगलात एका माहितीपटाचे चित्रण करायला गेलेले तीन विद्यार्थी बेपत्ता झाले. वर्षभराने त्यांनी केलेले चित्रण सापडले. एवढीच माहिती पडद्यावर देऊन १९९९ साली एक भयपट सुरू झाला आणि त्याने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलरांचा गल्ला जमवला. प्रत्यक्षात विद्यार्थी बेपत्ता झाले नव्हते, चेटकीण कधी नव्हती आणि रिळे कोणालाही सापडली नव्हती. आजचा धागा या चित्रपटामागच्या बनावट दप्तराविषयी.

२/
या यशाचे प्रचलित स्पष्टीकरण असे: इंटरनेट नवे होते, लोक भाबडे होते, म्हणून फसले. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण अपुरे आहे. अफवा तर त्या काळी इंटरनेटवर हजारो होत्या. त्यांतल्या बहुतेक विरून गेल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे वेगळे प्रश्न विचारावेत. या कपोलकल्पित कथेला पुराव्याचे रूप कोणी दिले, कोणत्या क्रमाने दिले? आणि त्या बनावट पुराव्यात अस्सल असे काही होते काय? होते. त्याची किंमत कोणी मोजली, तेही पुढे पाहू.

३/
प्रथम कर्ते. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोघे फ्लोरिडातील ऑर्लँडोच्या विद्यापीठात चित्रपटकला शिकलेले तरुण. लहानपणी पाहिलेल्या, गूढ घटनांचे ‘सत्य’ उलगडण्याचा आव आणणाऱ्या १९७० च्या दशकातील माहितीपटवजा मालिकांची भीती त्यांच्या मनात घर करून होती. त्यांच्या संस्थेचे नाव ‘हॅक्सन फिल्म्स’. ‘हेक्सान’ हा बेंजामिन क्रिस्टेन्सन यांचा १९२२ चा मूकपट. चेटूकविद्येचा इतिहास सांगताना माहितीपट आणि नाट्य यांची सरमिसळ करणारा. संस्थेच्या नावातच पुढील कामाची दिशा होती.

४/
चित्रपटाभोवती त्यांनी एक शकावली रचली. १७८५: ब्लेअर नावाच्या वस्तीतून एली केडवर्ड या स्त्रीला चेटूक केल्याच्या आरोपावरून हद्दपार केले जाते. १८२४: ओसाड पडलेल्या ब्लेअरच्या जागी बर्किट्सव्हिल वसते. १८२५: एक मुलगी ओढ्यात ओढली जाते. १८८६: शोधपथकातील माणसांची प्रेते एका खडकावर आढळतात. १९४०-४१: रस्टिन पार नावाचा एकांतवासी सात मुलांची हत्या करतो. १९९४: तीन विद्यार्थी जंगलात शिरतात. यांतले एकही दुष्कृत्य घडलेले नाही. तरी ही यादी वाचताना अंगावर काटा येतो.

५/
का येतो? कारण बनावट करणाऱ्यांना अस्सल कागदाचे स्वभाव नेमके ठाऊक होते. अस्सल शकावलीत मोठमोठी अंतरे असतात. येथेही साधारण पन्नास-साठ वर्षांची शांतता आणि मग एक नोंद. अस्सल साधन स्वतःविषयी शंका बाळगते. येथे १८०९ च्या एका दुर्मीळ ग्रंथाचा उल्लेख येतो आणि लगेच सांगितले जाते, की तो सर्वसाधारणपणे काल्पनिकच मानला जातो. अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाबद्दल ‘यावर फार विसंबू नका’ असा इशारा! खोट्या साक्षीदाराने स्वतःच्या स्मरणशक्तीबद्दल नम्रता दाखवावी, तसा हा प्रकार.

६/
आणि प्राप्तिस्थान. कोणताही कागद समोर आला की पहिला प्रश्न असतो: तो सापडला कोठे? बनावटकारांनी त्याचेही उत्तर तयार ठेवले होते. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका शंभर वर्षे जुन्या झोपडीच्या पायाखाली ती रिळे आणि एक रोजनिशी मिळाली, अशी ही कथा. विद्यापीठ, उत्खनन, पोलिसांच्या ताब्यातील मुद्देमाल, शेवटी कुटुंबीयांकडे सुपूर्द केलेली रिळे. वस्तू एका हातातून दुसऱ्या हाती कशी गेली, याची साखळी पूर्ण.

७/
साधनचिकित्सेच्या कसोटीला हे दप्तर टिकले असते काय? नाही. ब्रिटिश संसदेने १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच राहू दिला नाही. सेलमचे कुप्रसिद्ध खटले १६९२ चे. मेरीलँडमध्ये चेटकीण ठरवून फाशी दिल्याची नोंद रेबेका फाउलर या स्त्रीची, आणि ती १६८५ ची. म्हणजे १७८५ ची हद्दपारी काळाशी विसंगत आहे. घटना बरोबर शंभर वर्षे उशिरा घडवली आहे. बर्किट्सव्हिलचे नावही हेन्री बर्किट या जमीनमालकावरून पडले. ‘ब्लेअर’ नावाचे गाव तेथे कधी नव्हते.

८/
आणखी एक गंमत. एली केडवर्ड या नावाची इंग्रजी अक्षरे फिरवून मांडा: एडवर्ड केली, सोळाव्या शतकातील प्रसिद्ध इंग्रज गूढविद्यावाला. रस्टिन पार या नावातही रास्पुतिन जवळजवळ सामावलेला आहे. नाणे पाडणाऱ्याने स्वतःची खूण कोपऱ्यात कोरून ठेवावी, तशी ही अक्षरे. अंतर्गत परीक्षण करणाऱ्याला ती दिसतात. पण अंधाऱ्या चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षक अंतर्गत परीक्षण करायला आलेला नसतो.

९/
गाव मात्र खरे. बर्किट्सव्हिल हे जेमतेम दीडदोनशे वस्तीचे खेडे, आणि त्याला स्वतःचा, कोणत्याही चेटकिणीहून भयंकर इतिहास आहे. १४ सप्टेंबर १८६२ रोजी यादवी युद्धातील साउथ माउंटनच्या लढाईचा एक भाग गावालगतच्या क्रॅम्प्टन्स गॅप या खिंडीत झाला. गावातील चर्चे जखमींची इस्पितळे बनली. त्या खिंडीत १८९६ साली जॉर्ज आल्फ्रेड टाउनसेंड या युद्धवार्ताहराने एक दगडी कमान उभारली. आपल्या डोळ्यांनी पाहून जगाला सांगणाऱ्या बातमीदारांचे आणि चित्रकारांचे ते स्मारक आहे. बनावट साक्षीची ही कथा नेमकी त्या स्मारकाच्या पायथ्याशी रचली गेली.

१०/
आता चित्रीकरण. ऑक्टोबर १९९७, अवघे आठ दिवस. हेदर डोनाह्यू, मायकल विल्यम्स आणि जोशुआ लिओनर्ड हे तीन अपरिचित नट निवडले गेले. पटकथेऐवजी सुमारे ३५ पानांचा आराखडा होता. संवाद त्यांनी आयत्या वेळी स्वतः रचायचे होते. जंगलातील ठराविक ठिकाणी पोहोचण्यासाठी हाती जीपीएस यंत्र दिले होते. त्या ठिकाणी दुधाच्या बाटल्यांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी ठेवलेली असे. एकाच्या चिठ्ठीत काय आहे, हे दुसऱ्याला ठाऊक नसे.

११/
दिवसागणिक खाणे कमी केले जाई. रात्री तंबूबाहेर दिग्दर्शक आणि सहकारी आवाज काढत, तंबू हलवत. निर्माता ग्रेग हेल याने लष्करात घेतलेल्या प्रशिक्षणावरून ही पद्धत सुचली होती. गावातील मुलाखतींमध्येही काही माणसे मुद्दाम पेरलेली होती; कोणते गावकरी खरे आणि कोणते पेरलेले, हे नटांना सांगितले नव्हते. परिणामी पडद्यावर दिसणारा थकवा, भूक आणि चिडचिड यांचा बराच भाग अभिनय नव्हता. दप्तर बनावट, पण त्यावर पडलेले घामाचे डाग खरे.

१२/
कॅमेरेही नटांच्याच हाती होते. एक १६ मिलिमीटरचा, कृष्णधवल. दुसरा घरगुती वापराचा ‘हाय-एट’ व्हिडिओ कॅमेरा. हलणारी चौकट, निसटणारा फोकस, अंधारात नुसताच ऐकू येणारा श्वास. व्यावसायिक चित्रपटात जे दोष म्हणून कापले गेले असते, ते येथे प्रामाण्याच्या खुणा ठरले. फाटक्या कडांचा, वाळवी लागलेला कागद पाहिला की आपला हात आपोआप हळुवार होतो. जीर्णतेवर आपला विश्वास असतो, आणि बनावट करणारा हे जाणून असतो.

१३/
हाती आलेले चित्रण सुमारे २० तासांचे. आठ महिन्यांहून अधिक काळ संकलन करून त्याचे साधारण ८१ मिनिटे झाले. याच काळात सर्वांत महत्त्वाचा निर्णय झाला. मूळ योजनेनुसार सापडलेल्या रिळांना जोडून मुलाखती, जुन्या बातमीपटाचे तुकडे, तज्ज्ञांची मते असा दुसरा थर चित्रपटातच येणार होता. दिग्दर्शकांनी तो थर बाहेर काढला आणि पडद्यावर फक्त रिळे ठेवली. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर, ग्रंथात नुसते मूळ साधन छापले आणि प्रस्तावना, टिपा, परिशिष्टे गावभर वाटून टाकली.

१४/
हे वाटप कसे झाले? जॉन पीअर्सन यांच्या ‘स्प्लिट स्क्रीन’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या प्रकरणाचा भाग आधीच दाखवला गेला होता. लोक विचारणा करू लागले. १९९८ साली निर्मात्यांनी संकेतस्थळ सुरू केले. त्यावर शकावली, पोलिसी छायाचित्रे, हेदरच्या रोजनिशीची पाने. वाचणारा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जात असे आणि जोडणी स्वतःच करीत असे. आपण स्वतः जुळवलेल्या गोष्टीवर माणूस सांगितलेल्या गोष्टीपेक्षा अधिक विश्वास ठेवतो. पुराभिलेखागारात बसलेल्या संशोधकाला मिळणारा आनंद, कोणालाही, घरबसल्या.

१५/
जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात मध्यरात्रीचा खेळ झाला. महोत्सवाच्या गावात ‘बेपत्ता’ असे लिहिलेली तिघांची पत्रके लागली होती. आर्टिझन या वितरण कंपनीने चित्रपट सुमारे ११ लाख डॉलरांना विकत घेतला. चित्रीकरणाच्या खर्चाचे आकडे ३५ हजार ते ६० हजार डॉलर असे सांगितले जातात. हे लक्षात ठेवावे, की हे आकडे फक्त जंगलातल्या कामाचे आहेत. पुढचे ध्वनिसंस्कार आणि जाहिरात यांवर कंपनीने त्याच्या कित्येक पट पैसा ओतला. ‘चिमूटभर पैशांत कोट्यवधी’ ही दंतकथाही प्रचाराचाच भाग होती.

१६/
आर्टिझनने दप्तर आणखी वाढवले. प्रदर्शनाच्या काही दिवस आधी साय-फाय वाहिनीवर ‘कर्स ऑफ द ब्लेअर विच’ हा बनावट माहितीपट आला; चित्रपटातून बाहेर काढलेला दुसरा थर येथे कामी आला. ‘डॉसियर’ म्हणून एक पुस्तकही निघाले, पोलिसी कागदपत्रांच्या थाटाचे. चित्रपटांची माहिती देणाऱ्या आयएमडीबी या संकेतस्थळावर तिन्ही नट काही काळ ‘बेपत्ता, बहुधा मृत’ असे नोंदलेले होते. स्वतंत्र वाटणारी चार साधने एकच गोष्ट सांगत होती. चारींचा उगम मात्र एकच होता. पडताळणीतील ही सर्वांत जुनी फसगत.

१७/
जुलै १९९९ च्या मध्याला चित्रपट फक्त २७ चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत सुमारे १५ लाख डॉलर जमले. तिकिटे न मिळणे हीच बातमी झाली. ३० जुलैला तो अकराशे चित्रपटगृहांत गेला. त्या आठवड्याअखेरीची कमाई सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर. अमेरिकेतील एकूण आकडा १४ कोटींवर पोहोचला. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी त्याला मुखपृष्ठावर स्थान दिले.

१८/
ही युक्ती नवी नव्हती. १७६४ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ ही कादंबरी निघाली. प्रस्तावनेत सांगितले होते, की इंग्लंडच्या उत्तरेकडील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात १५२९ साली नेपल्सला छापलेले पुस्तक सापडले आणि त्याचा हा अनुवाद. मूळ लेखकाचेही नाव होते, अनुवादकाचेही. दोघेही कल्पित! पुस्तक गाजले, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत होरेस वॉलपोल यांनी आपणच लेखक असल्याचे मान्य केले. इंग्रजी भयकथेचा पाया मानली जाणारी ही कादंबरीच मुळात ‘सापडलेला कागद’ म्हणून अवतरली.

१९/
चित्रपटांतही पूर्वज आहेत. रुजेरो देओदातो यांचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ हा १९८० चा इटालियन चित्रपट सापडलेल्या रिळांवरच रचलेला होता. नट खरोखर मारले गेल्याचा संशय आल्याने ते जिवंत असल्याचे दाखवून देण्याची वेळ दिग्दर्शकावर आली. १९९८ चा ‘द लास्ट ब्रॉडकास्ट’ हा तर अवघ्या ९०० डॉलरांत बनल्याचे सांगितले जाते. म्हणून ‘ब्लेअर विच’ला या प्रकाराचा जनक म्हणणे चूक ठरेल. त्याचे वेगळेपण चित्रपटाबाहेर पसरलेल्या दप्तरात आहे.

२०/
मग लोक खरोखर फसले होते काय? येथे सावध राहायला हवे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांचे मंगळावरील आक्रमणाचे नभोनाट्य ऐकून अमेरिका रस्त्यावर धावली, असे आपण ऐकत आलो. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले, की ती घबराट वृत्तपत्रांनी फार फुगवली होती. ‘ब्लेअर विच’च्या शेवटी श्रेयनामावलीत लेखक-दिग्दर्शकांची नावे होती. वृत्तपत्रे, साप्ताहिके चित्रपट काल्पनिक असल्याचे लिहीत होती. काही प्रेक्षक फसले, हे खरे. पण पुष्कळांनी सत्य ठाऊक असूनही तिकीट काढले. त्यांना खोट्या पुराव्यांतून फिरण्याचा अनुभव हवा होता.

२१/
आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. या बनावट दप्तरात अस्सल काय होते? गाव अस्सल होते आणि तीन नावे अस्सल होती. पडद्यावरच्या हेदरचे नाव हेदर डोनाह्यूच होते, माइकचे मायकल विल्यम्स, जोशचे जोशुआ लिओनर्ड. वॉलपोलने कल्पित नावे वापरली. त्या नावांना दुखापत होणे शक्यच नव्हते. येथे मात्र जिवंत माणसांची नावे ‘मृत’ या रकान्यात गेली. दप्तर विश्वसनीय ठरावे म्हणून ऐन प्रदर्शनाच्या काळात या तिघांना प्रसिद्धीपासून दूर ठेवले गेले. हेदरच्या आईला सांत्वनपर पत्रे आली.

२२/
चित्रपट ज्यांनी अभिनित केला, ज्यांनी चित्रित केला, ज्यांनी त्याचे संवाद रचले, ती हीच तीन माणसे. कोट्यवधींच्या गल्ल्यात त्यांचा वाटा नगण्य राहिला. कमी खर्चाचा चित्रपट म्हणून त्याला ‘इंडिपेंडंट स्पिरिट’चा जॉन कॅसाव्हेटीस पुरस्कार मिळाला, हेदरला मात्र वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्रीचा ‘रॅझी’ देण्यात आला. कॅमेऱ्याकडे पाहून रडत क्षमा मागणारा तिचा चेहरा जगभर ओळखीचा झाला आणि विडंबनाचा विषयही.

२३/
२००० साली पुढचा भाग आला, तेव्हा आपली नावे आणि प्रतिमा वापरल्याबद्दल तिघांनी आर्टिझनविरुद्ध दावा लावला. पुढे तडजोड झाली. हेदर डोनाह्यू यांनी अभिनय सोडला आणि नंतर नावही बदलले. आज त्या रे हान्स या नावाने राहतात. एप्रिल २०२४ मध्ये नव्या ‘ब्लेअर विच’ चित्रपटाची घोषणा झाली, तेव्हा या तिघांनी हक्क असलेल्या लायन्सगेट कंपनीकडे जाहीर मागणी केली: आमच्या कामाचा मागचा-पुढचा मोबदला द्या, नावे वापरताना आमच्याशी विचारविनिमय करा आणि नवोदित चित्रपटकर्त्यांसाठी दरवर्षी ६० हजार डॉलरांचे अनुदान ठेवा. ६० हजार, म्हणजे मूळ खर्चाइतके.

२४/
गावाचीही नावापायी परवड झाली. चित्रपटानंतर पाहुण्यांची रीघ लागली आणि बर्किट्सव्हिलच्या वेशीवरची नामफलके चोरीला गेली. चित्रपटसृष्टी मात्र दुसरा धडा शिकली. ओरेन पेली यांनी आपल्याच घरात सुमारे १५ हजार डॉलरांत चित्रित केलेला ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ २००९ साली प्रदर्शित होऊन जगभरात १९ कोटींहून अधिक डॉलर कमावून गेला. हलता कॅमेरा सर्वांनी उचलला. शकावली, रोजनिशी, प्राप्तिस्थान यांचे ते चिवट जाळे पुन्हा त्या तोडीने फार थोड्यांना विणता आले.

२५/
मराठी इतिहासाचे वाचक बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक जाणतात. बखरीतली भाषा कितीही रसाळ असली, तरी तिचा लेखनकाळ आणि हेतू तपासल्यावाचून आपण तिचा आधार घेत नाही. ‘सापडलेले चित्रण’ समोर आले, मग ते चित्रपटगृहात असो वा हातातल्या फोनवर, तर हीच शिस्त लावावी: ते कोठे सापडले, कोणी सांगितले, दुसरे साधन खरोखर स्वतंत्र आहे काय? आणि त्यात जोडीला एक प्रश्न: यात खरे नाव कोणाचे वापरले आहे, आणि ते वापरण्याचा मोबदला त्या माणसाला मिळाला काय?

२६/
क्रॅम्प्टन्स गॅपच्या त्या दगडी कमानीवर युद्ध प्रत्यक्ष पाहणाऱ्या बातमीदारांची आणि चित्रकारांची नावे कोरलेली आहेत. कमान आजही उभी आहे. बर्किट्सव्हिलला चेटकीण शोधत जाणाऱ्यांनी तेवढ्या चढावरून वर जाऊन ती जरूर पाहावी.

धागा समाप्त. इतिहासातील एखादा बनावट कागद तुमच्या वाचनात आला असेल, तर तो कोणत्या खुणेवरून पकडला गेला ते खाली अवश्य लिहा. निवडक उदाहरणांवर पुढचा धागा करू.